जर्मन सूर, पालिताण्याचे सूर

मुळशी तालुक्यात पौडपासून ताम्हिणीपर्यंत कोणत्याही गावी हरिनाम सप्ताहाच्या दिवसांत जावे, देवळात टाळ-पखवाजाच्या जोडीला बाजाची पेटी दिसतेच. शाळेत प्रार्थनेसाठीही बहुधा एक पेटी असते. जुन्या पेटीची थोरवी सांगायची झाली की एक वाक्य ठरलेले असते : ''सूर जर्मन आहेत.'' त्यानंतर किमतीबद्दल घासाघीस करायची नसते.

पेटीच्या धंद्यात 'सूर' म्हणजे आत बसवलेले पितळी पाते, म्हणजेच रीड. हे पाते परदेशी असले म्हणजे पेटी उंची आणि देशी असले म्हणजे साधी, असा समज आपल्याकडे तीन पिढ्या चालत आला आहे. गंमत अशी की दुसऱ्या एका वाद्याच्या बाबतीत अमेरिकेत याच्या नेमका उलट समज आहे. तिथे 'आयात केलेली' इलेक्ट्रिक गिटार म्हणजे स्वस्त गिटार. फेंडर कंपनीने १९८२ साली जपानमध्ये गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. पुढे तिच्या स्वस्त मालाचे उत्पादन कोरिया, चीन, इंडोनेशियात गेले आणि अमेरिकेत बनलेली गिटार 'खरी' ठरली. आपल्याकडे आयातीवर निर्बंध होते त्या काळात तरुणांच्या हाती 'गिव्हसन' आणि 'हॉबनर' या देशी गिटारी असत. गिब्सन आणि हॉफ्नर या परदेशी नावांपासून त्यांचे अंतर एका अक्षराचे! म्हणजे आयात हा शब्द एका देशात स्वस्ताईचा आणि दुसऱ्या देशात प्रतिष्ठेचा. मग वस्तूत खरा फरक असतो तरी कुठे? गिटारीपेक्षा पेटी आपल्या हाताशी आहे, म्हणून तिच्याकडेच वळू.

हवेच्या झोताने थरथरणाऱ्या मोकळ्या पात्याची कल्पना मूळची आशियातली. चीनमधील 'शंग' हे वाद्य त्यावरच चालते. तिच्या आधारे पॅरिसच्या अलेक्झांडर देबें याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायांनी भाता मारण्याची पेटी होती आणि वाजवणारा खुर्चीवर बसत असे. आपले गायक-वादक जमिनीवर मांडी घालून बसणारे. तेव्हा भाता पाठीमागे नेऊन तो डाव्या हाताने चालवायचा, असा बदल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीत कलकत्त्यात झाला. द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' या पेढीचे नाव त्यासाठी घेतले जाते. महाराष्ट्रात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकांचा जमाना सुरू झाला. त्याबरोबर पेटी आणि ऑर्गन घरोघर ओळखीचे झाले. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने तर पेटीला साथीच्या पलीकडचे स्थान मिळवून दिले. पेटीचे लाकूडकाम इथले सुतार करीत. सूर मात्र जर्मनी आणि फ्रान्समधून येत. 'जर्मन सूर', 'पॅरिस सूर' हे शब्द तेव्हाचे.

आता पात्याकडे पाहू. एक टोक पक्के बसवलेली आणि दुसरे मोकळे असलेली धातूची पट्टी, एवढेच त्याचे स्वरूप. हॅकसॉचे जुने पाते टेबलाच्या कडेला दाबून धरून मोकळे टोक छेडले की वर्गातही हे दाखवता येते. अशा पट्टीची कंपनसंख्या जाडीच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी निम्मी केली की कंपने चौपट, म्हणजे स्वर दोन सप्तके वर. सूर लावणारा कारागीर लांबीला हात लावीत नाही, तो पाते खरवडतो. मोकळ्या टोकाशी खरवडले तर तिथले वस्तुमान घटते आणि स्वर चढतो; मुळाशी खरवडले तर ताठपणा घटतो आणि स्वर उतरतो. विद्यार्थ्यांना आधी उत्तर विचारावे. दोन्हीकडे धातूच कमी होतो, तरी परिणाम उलटे का, यावर चांगली चर्चा होते.

यातली सूक्ष्मता आकड्यांनी पाहू. समजा पात्याची जाडी अर्धा मिलिमीटर आहे आणि त्याची कंपने सेकंदाला २४० आहेत. स्वरात सेकंदाला एका कंपनाचा फरक पडायला जाडीत २४० व्या भागाचा, म्हणजे सुमारे ०.००२ मिलिमीटरचा फरक पुरतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण पस्तिसावा भाग. दोन पाती एकदम वाजली तर एवढा फरक सेकंदाला एक हेलकावा म्हणून कोणालाही ऐकू येतो. म्हणून पाते जर्मन यंत्राने कापलेले असो की पालिताण्याच्या कारागिराने हाताने कापलेले, शेवटचा हात माणसाच्या कानाचाच असावा लागतो. साडेतीन सप्तकांच्या, दुहेरी सुरांच्या पेटीत ८४ पाती असतात. पेटीच्या किमतीतला मोठा वाटा या ८४ पात्यांवर घालवलेल्या तासांचा असतो, निदान तसा असायला हवा.

परदेशी पात्यात गुण नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. पाते ज्या खाचेतून खाली-वर होते, त्या खाचेत आणि पात्यात फट जितकी कमी, तितका हवेचा झोत नेमका तुटतो. त्यामुळे आवाज भरीव येतो, बोट ठेवताच स्वर बोलतो आणि भाताही कमी मारावा लागतो. फट मोठी असली की हवा वाया जाते आणि स्वराआधी फुसफुस ऐकू येते. एकसारखी, बारीक फट राखणे यंत्राला सोपे आणि हाताला अवघड. पण जर्मन सुरांच्या लौकिकामागे आणखी एक कारण असावे असे आम्हांला वाटते. आज जे जर्मन सूर वाजताना दिसतात, ते काळाच्या चाळणीतून उरलेले आहेत. त्यांच्याबरोबर आलेली डावी पाती मुळाशी तडकून केव्हाच भंगारात गेली. शिवाय नव्या पितळेत लाटताना-खरवडताना राहिलेला ताण हळूहळू सुटतो आणि स्वर सरकत राहतो. जुन्या पात्यात तो कधीच सुटून गेलेला असतो. उरलेल्या निवडक म्हाताऱ्यांची तुलना कालच्या नव्या पोरांशी करून 'पूर्वीचेच चांगले' म्हणणे तर्कशास्त्राला धरून नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाला आणि स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातले पालिताणा हे गाव जैन तीर्थ म्हणून प्रसिद्ध. पेटीवाल्यांच्या लेखी मात्र ते सुरांचे गाव. तिथे घरोघरच्या कारागिरांनी पितळी पत्र्यापासून पाती बनवून देशभरच्या पेट्यांना सूर पुरवले. परदेशी माल मिळेनासा झाल्यावरही भजनी मंडळांची पेटी बंद पडली नाही, याचे श्रेय या कारागिरांकडे जाते. पेटीवर त्यांचे नाव कुठेच नसते.

परदेशी सुरांची दुसरी अडचण पात्याची नव्हती, गणिताची होती. युरोपात सप्तकाचे बारा अगदी समान भाग करून वाद्य लावायचा प्रघात पडला होता. त्यात सा २४० असेल तर शुद्ध गंधार ३०२.४ येतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ५:४ या गुणोत्तराने ३०० चा. म्हणजे अत्यंत काटेकोर लावलेली, महाग आयात पेटी आपल्या गायकाच्या कानाला जास्तच बेसूर! हा दोष काढण्यासाठी सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची मापे काढून १९१० साली पुस्तक लिहिले. आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि १९११ च्या सुमारास 'श्रुति-हार्मोनियम' तयार झाली. कुठे? लंडनच्या मूर आणि मूर यांच्या कारखान्यात. आयात मालातली खोड काढायला पुन्हा आयात! १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी दाखवली गेली, वादही झडले, पण ती रुळली नाही. पुढे १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली. ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिथिल झाली. अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली आहे.

साधी पेटी खरवडून 'गांधार ट्यूनिंग' करून घेण्याची रीतही वादकांत आहे. ती फक्त एकाच पट्टीला लागू पडते. कारण सोपे आहे : २४० चा गंधार ३००, त्याला सा धरून त्याचा गंधार ३७५, त्याचा पुन्हा गंधार ४६८.७५. समान बारा भागांच्या पेटीत या तिसऱ्या गंधाराला तार सा लागतो. तो असायला हवा ४८०. शुद्ध स्वरांचे हे वर्तुळ कधीच बंद होत नाही, मग सूर कोणत्याही देशाचे असोत.

शाळेसाठी पेटी घेताना सुरांवरच्या ठशापेक्षा आधी लाकडाचे जोड आणि भात्याचे चामडे पाहावे. ताम्हिणीच्या पावसात पट्ट्या फुगून अडकतात, चामड्याला बुरशी येते. तिथे महागातला सूर काही करू शकत नाही. मग भाता एकदा पूर्ण भरून एकच पट्टी दाबावी आणि स्वर किती सेकंद टिकतो ते घड्याळाने मोजावे. दोन-तीन पेट्यांवर तीच पट्टी घेतली की हवा कुठे गळते ते कळते. दुसरी कसोटी कानाची. एकच सूर चालू ठेवून सा आणि पंचम एकदम धरावेत. सा २४० च्या आसपास असेल आणि पेटी समान बारा भागांत नीट लावलेली असेल, तर दहा सेकंदांत सुमारे आठ हेलकावे मोजता येतात. पंचम ३:२ या शुद्ध प्रमाणात लावला असेल तर हेलकावा जवळजवळ ऐकूच येत नाही. दहा सेकंदांत वीस-पंचवीस मोजले गेले, तर पेटी दुकानातच ठेवावी.