मोजणी वेगळी, यादी वेगळी

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या घरातला आहे.

सर्वेक्षणवाला दारात येतो. नाव, वय, शिक्षण, धंदा विचारून झालं की मग विचारतो, "घरात कुणी दिव्यांग आहे का?" इथे बऱ्याच घरांत उत्तर जरा अडतं. कुणी खरं सांगतं. कुणी "नाही" म्हणून दार लोटतं. आत मुलगी लग्नाची असते, धाकट्याला दिसायला कमी असतं, सासऱ्यांना मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतात. मढसारख्या गावात, जिथे कोळीवाड्यातल्या एका गल्लीतली बातमी होडी धक्क्याला लागायच्या आत सगळीकडे पोचलेली असते, तिथे ही भीती उगाच नाही. फेब्रुवारी २०२७ मध्ये पुन्हा देशभर माणसं मोजायला लोक दारोदार फिरणार आहेत. म्हणून हा जुना हिशेब आत्ताच मांडतो.

सरकारने आपल्याकडे अपंगत्व मोजायला सुरुवात केली ती १८७२ च्या पहिल्या जनगणनेपासून. १८८१ मध्ये देशभर एकाच वेळी मोजणी झाली, तेव्हा आपलं मढ ठाणे जिल्ह्यात, साष्टी तालुक्यात होतं. मुंबई उपनगर जिल्हा फार नंतरचा, १९२० चा. त्या काळच्या तक्त्यात व्यंगांसाठी वेगळा रकाना असे. वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि महारोगी अशी चार खाती. सूचनाही बारीक होत्या. दोन्ही डोळ्यांनी आंधळा असेल तरच नोंद, एका डोळ्याने अधू असलेल्याची नाही. अंगावर पांढरे डाग म्हणजे कोड, ते महारोगात धरायचं नाही. तरीही गणना करणारे कोड आणि महारोग यांत गल्लत करत, आणि घरचे लोक खरं सांगत नसत. महारोग आणि वेड ही दोन खाती लोक सर्वात जास्त लपवतात, हे जनगणनेच्या अहवालांत साहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

लोक का लपवत होते? लाज होती, सोयरिकीची काळजी होती. आणि आणखी एक कारण मुंबईतच घडत होतं.

१८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम काढला. वडाळ्याचं आजचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणजे तेच. हे तेच अ‍ॅक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. माणूस मराठीवर प्रेम करणारा होता आणि आश्रमाने अनेकांना छप्पर दिलं, हे मान्यच करायला हवं. पण पाठोपाठ १८९८ मध्ये महारोग्यांचा कायदा आला. रस्त्यावरचा निर्धन महारोगी दिसला तर पोलिसाला त्याला वॉरंटशिवाय पकडता येत होतं आणि पुढे आश्रमात धाडता येत होतं. हा कायदा पुस्तकातून निघाला २०१६ मध्ये. म्हणजे ११८ वर्षांनी.

जनगणनेच्या कागदावरून कुणाला पकडलं, असं माझं म्हणणं नाही. पण दारात येऊन विचारणारा माणूस सरकारचा आणि रस्त्यावर पकडणारा माणूसही सरकारचा. गरीब माणसाला या दोन खात्यांतला फरक कुणी समजावून सांगितला होता? त्याने तोंड बंद ठेवलं तर त्याला अडाणी म्हणायचं की शहाणा?

परिणाम काय झाला, तो आकड्यांत दिसला. १९३१ पर्यंत हा रकाना चालला. आकडे भरवशाचे नाहीत म्हणून १९४१ पासून तो बंद केला. त्यानंतर तब्बल चाळीस वर्षं जनगणनेला देशातल्या अपंगांची गणतीच नव्हती. ज्यांची गणती नाही त्यांच्यासाठी शाळा किती, डॉक्टर किती, निधी किती, हे कुठल्या हिशेबाने ठरणार? लोकांचा भरवसा गेला आणि त्याची किंमत त्याच लोकांनी मोजली.

त्याच सुमारास तिकडे जर्मनीत काय झालं, तेही इथे सांगायला हवं. ऑक्टोबर १९३९ पासून तिथल्या रुग्णालयांना आणि आश्रमांना सरकारी फॉर्म गेले. रुग्णाचा आजार कोणता, किती वर्षं दाखल आहे, काम करू शकतो का. फॉर्म कशासाठी, हे भरणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. ज्यांनी तो रुग्ण कधी पाहिलाही नव्हता अशा डॉक्टरांनी कागदावर खुणा केल्या. लाल अधिक म्हणजे मरण, निळा वजा म्हणजे जीवदान. ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून जास्त माणसं विषारी वायूने मारली गेली. आपल्याकडे असं काही होईल, असं सांगायला मी ही गोष्ट काढलेली नाही. मला त्यातला पहिला टप्पा दाखवायचाय. सगळं सुरू झालं ते एका साध्या, कंटाळवाण्या, माहिती गोळा करणाऱ्या फॉर्मने.

स्वतंत्र भारताने या बाबतीत एक चांगली गोष्ट केली. १९४८ चा जनगणना कायदा. त्याचं कलम १५ सांगतं की जनगणनेत तुम्ही दिलेली वैयक्तिक माहिती कुणालाही बघायला मागता येणार नाही आणि कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा आहे. म्हणजे आपण प्रगणकाला जे सांगतो, त्याचा फक्त आकडा बाहेर येतो.

अपंगत्वाचा प्रश्न जनगणनेत परतला १९८१ मध्ये, आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाच्या निमित्ताने. तेव्हा फक्त पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके विचारले आणि देशभरात जेमतेम ११ लाख निघाले. १९९१ ला प्रश्न पुन्हा गायब. २००१ मध्ये व्याख्या रुंदावली आणि आकडा २ कोटी १९ लाखांवर गेला. २०११ मध्ये २ कोटी ६८ लाख, त्यात आपल्या महाराष्ट्रातले २९ लाख ६३ हजार. वीस वर्षांत देशात अचानक अपंगत्वाची साथ आली नव्हती. कसं विचारलं आणि लोक किती मोकळेपणाने बोलले, त्यावर आकडा ठरतो.

आता मुद्द्यावर येतो. मोजणी वेगळी आणि यादी वेगळी. मोजणीत तुम्ही एक आकडा असता. यादीत तुमचं नाव असतं, टक्केवारी असते, फोन नंबर असतो. मोजणीला १९४८ चं भक्कम कुलूप आहे. याद्यांना तसं कुलूप आजवर नव्हतं, आणि गेल्या काही वर्षांत याद्याच वाढल्यात.

१ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र केंद्राच्या यूडीआयडी पोर्टलवरूनच मिळतं. सोय झाली, दलाल कमी झाले, हे खरं. कार्डावर नाव, फोटो, अपंगत्वाचा प्रकार आणि टक्के. एसटीत सवलतीसाठी ते दाखवावं लागतं, पेन्शनसाठी झेरॉक्स द्यावी लागते. झेरॉक्सवाल्याच्या मशीनपासून कार्यालयातल्या टेबलापर्यंत तुमचा आजार किती जणांनी वाचला, मोजून बघा. ग्रामपंचायती आणि महापालिकांनी ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. त्याच्या लाभार्थ्यांच्या याद्या बनतात आणि कधी कधी जशाच्या तशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. आम्हा पत्रकारांच्या फोनवरही येतात. "मानसिक आजार, ६० टक्के" अशी ओळ एखाद्या पोरीच्या नावापुढे गावभर फिरली, तर पुढे तिच्या आयुष्यात काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

"मग नावं काढून टाका की," असं लोक म्हणतात. अभ्यासासाठी, संशोधनासाठी माहिती देताना सरकारही तेच करतं. पण तेवढ्याने भागत नाही. १९९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांची माहिती नावं गाळून संशोधकांना दिली. लताना स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने २० डॉलरला मतदार यादी विकत घेतली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला आणि त्या ढिगातून थेट राज्याच्या गव्हर्नरचे कागद शोधून काढले. या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक ओळखता येतील, असा तिचा हिशेब होता.

आपल्याकडे तर मतदार यादीही लागत नाही. समजा एखाद्या अहवालात छापलं, "मढ, स्त्री, वय ३० ते ३५, कुष्ठरोगमुक्त, एक." नाव नाही, पत्ता नाही. पण भाटीच्या नाक्यावर उभा असलेला कुणीही सांगेल की ही अमक्याची सून. मोठ्या शहराच्या आकड्यात माणूस लपतो, छोट्या गावाच्या आकड्यात उघडा पडतो. म्हणून गावपातळीवर एक-दोन असे आकडे छापायचेच नाहीत, ते वॉर्डात किंवा तालुक्यात मिसळून टाकायचे, ही साधी शिस्त हवी.

कायदे आहेत. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या अनुच्छेद २२ मध्ये दिव्यांगांच्या आरोग्याची आणि पुनर्वसनाची माहिती इतरांइतकीच खाजगी ठेवायचं वचन आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ६ सांगतं की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा पद्धतीने विचारून तिची मोकळी संमती घ्या आणि आधी समितीची परवानगी घ्या. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे हवेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला बंदी केली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात संशोधन आणि आकडेवारीला सूट आहे, पण एका अटीवर. त्या माहितीवरून एखाद्या ठराविक माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही. मोजणी आणि यादी यांच्यामधली रेघ कायद्याने इथे ओढली आहे.

आता दुसरी बाजू. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. तेव्हा अनेक जण म्हणाले, सगळी प्रमाणपत्रं जाहीर करा, खोटे आपोआप पकडले जातील. राग समजतो. खोटं प्रमाणपत्र खऱ्या दिव्यांगाची जागा खातं. पण खोटा पकडायचा तर तपासणी वैद्यकीय मंडळाने करायची, प्रमाणपत्र देणाऱ्यालाही जाब विचारायचा. त्यासाठी शंभर खऱ्या माणसांचे आजार चव्हाट्यावर मांडायची गरज नाही.

आणि उलटही खरं आहे. २०२३ च्या त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केलाय. वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार द्यायला अधिकाऱ्यांना आता आणखी सोपं झालंय. पत्रकार म्हणून मला याची काळजी वाटते. निधी किती आला, किती खर्च झाला, किती जणांना व्हीलचेअर मिळाल्या, हे जनतेला कळलंच पाहिजे. कुणाला कोणता आजार आहे, हे कळायची गरज नाही. दिव्यांगांच्या खाजगीपणाची ढाल करून कुणी खर्चाचा हिशेब लपवत असेल, तर तिथे भांडावंच लागेल.

म्हणून आपण इथे इतकं करू शकतो. प्रगणक आला तर घरातल्या दिव्यांग माणसाची नोंद बिनधास्त करा, तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे. दुसरा कुणी सर्वेक्षण करायला आला तर विचारा, कोणत्या खात्याकडून, कशासाठी, नाव का हवं, कागद कुठे जाणार? संशोधन असेल तर समितीची परवानगी दाखवायला सांगा. उत्तर नसेल तर "नाही" म्हणायचा हक्क आहे. आणि आजार लिहिलेली यादी ग्रुपवर आली तर पुढे पाठवू नका, ॲडमिनला सांगून काढायला लावा. नगरसेवकांना आणि वॉर्ड ऑफिसला माझी विनंती आहे की लाभार्थ्यांची यादी लावताना आजाराचा रकाना गाळा.

आपल्या गल्लीत काय होतं, ते कमेंटमध्ये लिहा. फक्त कुणाचं नाव नका लिहू.