वऱ्हाड किती अक्षरांचे? डेटाबेसमधली मराठी लांबी

नांदगाव खंडेश्वर हे अमरावती जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. त्याचे नाव रोमन लिपीत लिहिले, तर मधली मोकळी जागा धरून २० अक्षरे होतात. डेटाबेसमध्ये गावाच्या नावासाठी २० बाइटांचा रकाना ठेवला असेल, तर ते नेमके बसते. मराठी नाव मात्र बसत नाही. त्याला ४६ बाइट लागतात.

कारण यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘श्व’ हे आपल्यासाठी एक अक्षर, संगणकासाठी श, हलन्त आणि व अशी तीन चिन्हे. म्हणून ‘खंडेश्वर’ची आपल्या लेखी चार अक्षरे, संगणकाच्या लेखी आठ चिन्हे आणि साठवताना २४ बाइट.

चिनी लिपीचे दुखणे त्यामानाने साधे. नेहमीच्या चिनी अक्षरालाही तीनच बाइट लागतात, पण तिथे दिसणारे एक अक्षर म्हणजे एकच चिन्ह. काही दुर्मीळ अक्षरांना चार बाइट लागतात. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये ती मावत नसत, म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ आले.

मर्यादा कशात मोजायची, हे प्रत्येक डेटाबेस आपल्या परीने ठरवतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये व्हारकॅरचा आकडा चिन्हांचा असतो, ओरॅकलमध्ये वेगळे सांगितले नाही तर बाइटांचा. मायएसक्यूएलमध्ये ‘लेंग्थ’ हे फंक्शन मात्र बाइट मोजते, इथे बरेच जण फसतात. आणि चिन्हे मोजूनही धोका टळत नाहीच: १४ चिन्हांवर कापले, तर ‘नांदगाव खंडेश्’ उरते.

खरी गोम ‘वऱ्हाड’मध्ये आहे. ‘ऱ’ वापरून लिहिले तर सहा चिन्हे. साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून लिहिले तर सात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट जुळवून शोधले तर एक सापडते, दुसरे सापडत नाही. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही या दोघांना एक करत नाही. गोऱ्हे किंवा बऱ्हाटे आडनावाच्या माणसाची नोंद असूनही ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते, ते यामुळे.

उपाय नोंद करतानाच करावा: दोन्हींपैकी एक रूप ठरवून दुसरे त्यात बदलून घ्यावे, आणि जुन्या नोंदींवरही तोच बदल एकदा चालवावा. नावाचा रकाना ऐसपैस ठेवावा. कापणे भागच असेल, तर हलन्तापाशी कधीच कापू नये.