औरंगाबादेहून काळ्या पाण्याकडे

'काळें पाणी' हा शब्द मराठी वाचकाच्या कानीं पडला कीं त्याच्या डोळ्यांपुढें अंदमानचा सेल्युलर तुरुंग उभा राहतो. कोलू, काथ्या, एकांतकोठडी आणि बारी नांवाचा जेलर हीं सारीं त्या एका शब्दांत सामावलेलीं आहेत. 'माझी जन्मठेप' १९२७ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून तर हें चित्र घरोघर पोंचलें, आणि तें पोंचलें हें योग्यच झालें. परंतु त्यामुळें एक गोष्ट मात्र आमच्या दृष्टीआड झाली. तो तुरुंग १९०६ सालीं बांधून पुरा झाला. समुद्रापार हद्दपारीची शिक्षा मात्र त्यापूर्वीं शंभरांहून अधिक वर्षें चालू होती, आणि त्या वर्षांत जे गेले त्यांतील बहुतेकांना ना चरित्रकार लाभला, ना आत्मचरित्र लिहिण्याइतकें अक्षरज्ञान. या विस्तीर्ण विषयाकडे आज एका शहराच्या वेशींतून पाहावें असा आमचा विचार आहे. तें शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या काळचें औरंगाबाद.

बंदिवासाचा इतिहास या प्रांताला नवा नाहीं. शहरापासून थोड्याच कोसांवर दौलताबादचा किल्ला आहे. १६८७ सालीं गोवळकोंडा पडल्यावर कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह यास औरंगजेबानें तेथेंच चिनी महालांत आणून ठेविलें, व मरेपर्यंत तो तेथून बाहेर आला नाहीं. जुन्या राजवटींची रीत ही अशी होती. जो शत्रु मोठा, त्याला आपल्या नजरेखालीं, आपल्याच मुलुखांतील उंच किल्ल्यावर कोंडावयाचें. लहानसहान गुन्हेगाराला किल्ल्यांत वर्षानुवर्षें पोसण्याचा खर्च कोण करणार? त्याची वासलात दंडानें, फटक्यांनीं अगर हातपाय तोडून लागे. कंपनी सरकारनें या दोन्ही गोष्टी फिरविल्या. मोठ्यांना पेन्शनी देऊन स्वस्थ बसविलें, आणि ज्यांचें नांवही कोणास ठाऊक नाहीं अशा सामान्यांना समुद्र ओलांडावयास लाविला.

यांत दयेचा भाग होता असें त्या काळचे इंग्रज ग्रंथकार लिहितात. फांशीऐवजीं हद्दपारी, ही सौम्यताच नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न. आम्हांस तो पटत नाहीं. १७८७ सालापासून सुमात्रा बेटांतील बेंकूलन येथें हिंदी कैदी जाऊं लागले ते तेथें मजूर मिळत नव्हते म्हणून. १७८९ सालीं लेफ्टनंट ब्लेअरनें अंदमानांत पहिली वसाहत घातली, ती रोगराईनें १७९६ सालीं मोडली, तेव्हां तेथील कैदी पिनांगास नेले; सोडून दिले नाहींत, कारण पिनांगासही हात हवे होते. १८१५ पासून मुंबई व बंगाल इलाख्यांतील कैदी मॉरिशसचे रस्ते बांधावयास गेले. १८३६ सालीं डार्विन त्या बेटावर उतरला तेव्हां त्यानें त्यांना पाहिलें, आणि त्यांच्या चेहऱ्यांतील भारदस्तपणाचें त्याला मोठें नवल वाटलें. १८२५ सालीं बेंकूलनचे कैदी सिंगापुरास हलविले. त्या शहरांतील सेंट अँड्र्यूचें मोठें देऊळ हिंदी कैद्यांच्या हातचें आहे. जेथें बंदर, रस्ता किंवा दीपगृह हवें आणि मजूर नाहीं तेथें कैदी पाठवावयाचा, असा हा हिशेब होता. दयेचा शब्द त्यावर मागाहून चढविला.

या हिशेबाची उलट बाजू आपल्याच सह्याद्रीवर पाहावयास मिळते, व ती फार थोड्यांना ठाऊक आहे. इकडून माणसें मलाक्का-सिंगापुराकडे जात असतां तिकडून चिनी व मलायी कैदी मुंबई इलाख्यांत येत. १८३४ च्या सुमारास महाबळेश्वर येथें त्यांच्यासाठीं तुरुंग घातला गेला. त्या थंड हवेच्या ठिकाणचे बरेच रस्ते या लोकांनीं बांधले. बटाटे आणि परदेशी भाजीपाला यांची लागवड त्यांनींच तेथें मुरविली. त्यांच्या वागणुकीवर तुरुंगाधिकाऱ्यांची मर्जी बसली व त्यांना पुष्कळ मोकळीक मिळूं लागली. १८६४ सालीं तुरुंग मोडला. आज महाबळेश्वरीं जाणारा प्रवासी 'चायनामन' धबधबा पाहतो, आणि हें नांव कोठून आलें याची चौकशी न करितां पुढें जातो. एखाद्या परक्या मुलुखांतही असाच कोणी आमच्या सातारकर-सोलापूरकराच्या हातच्या रस्त्यावरून विचार न करितां चालत असेल.

आतां औरंगाबादेकडे वळूं. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड वगैरे मुलूख इंग्रजांकडे सोंपविला, आणि त्याच्या उत्पन्नांतून 'हैदराबाद कंटिंजंट' नांवाची फौज पोसली जाऊं लागली. मुलूख निजामाचा, पैसा निजामाच्या रयतेचा आणि हुकूम इंग्रज अंमलदाराचा, असा तो चमत्कारिक प्रकार होता. या फौजेचें पहिलें घोडदळ १८५७ च्या उन्हाळ्यांत मोमिनाबादेहून, म्हणजे आपल्या आंबेजोगाईहून, औरंगाबादच्या छावणींत आलें. जून महिन्यांत स्वारांमध्यें कुजबूज सुरू झाली. आपल्याला हैदराबादच्या हद्दीबाहेर काढून दिल्लीच्या बादशहावर नेणार, ही ती बातमी. तेवढ्यानें त्यांचीं मनें फिरलीं. धर्माची शंका, काडतुसांची शंका या गोष्टी उत्तरेंत गाजल्या. येथें मुख्य प्रश्न चाकरी कोणाची आणि कोणाविरुद्ध, हा होता. कॅप्टन अ‍ॅबट हा त्यांचा अंमलदार. त्यानें समजूत घालून वेळ मारून नेली, आणि पुण्याहून माळव्याकडे निघालेली जनरल वुडबर्नची फौज वाटेंतून वळून जूनच्या अखेरीच्या आठवड्यांत औरंगाबादेस येऊन पोंचली.

पुढें जें झालें तें थोडक्या वेळांत झालें. घोडदळास पायउतार उभें करून नांवें पुकारूं लागले. मीर फिदा अली नांवाच्या दफेदारानें अ‍ॅबटवर पिस्तूल झाडलें, नेम चुकला. बरेच स्वार घोड्यांवर बसून निसटले. जे सांपडले त्यांचे लष्करी न्यायसभेपुढें निकाल लागले. मीर फिदा अलीस फांशी दिलें, कित्येकांना गोळ्या घातल्या, कांहींना तोफेच्या तोंडीं दिलें. शहरांतील काळा चबुतरा ही जागा या देहदंडांच्या आठवणीशीं जोडलेली आहे, आणि क्रांति चौक हें नांवही त्याच आठवणीचें.

जो मेला त्याला निदान चबुतरा मिळाला. पण या बंडाची दुसरी शाखा हैदराबादेकडे गेली आणि तिचा शेवट समुद्रापलीकडे झाला. कंटिंजंटच्या घोडदळांतून फुटलेला जमादार चिद्दाखान हा औरंगाबाद-बुलढाण्याच्या बाजूनें मूठभर सोबत्यांनिशीं निजामाच्या राजधानींत आश्रयास गेला. त्याची अपेक्षा सरळ होती. ज्याच्या नांवानें आपण शिपाई म्हणवितों तो धनी आपल्याला पाठीशीं घालील. दिवाण सालारजंगानें त्याला धरून रेसिडेन्सीच्या हवालीं केलें. निजाम नासिरुद्दौला त्याच वर्षींच्या मे महिन्यांत वारला होता, नवा निजाम अफजलुद्दौला नुकताच गादीवर आला होता, आणि दिवाणाला गादी संभाळावयाची होती. ही बाजू आम्ही जाणतों. तरी आश्रयास आलेल्याला बांधून देण्याचें समर्थन आमच्याच्यानें होत नाहीं. शहरांतील लोकांनाही तें सोसलें नाहीं. १७ जुलै १८५७ रोजीं मौलवी अल्लाउद्दीन व तुर्रेबाजखान यांच्या पुढारीपणाखालीं जमावानें रेसिडेन्सीवर हल्ला केला. तोफांपुढें तो टिकला नाहीं.

दोन्ही पुढाऱ्यांना पुढें जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तुर्रेबाजखान १८५९ च्या जानेवारींत पहाऱ्यांतून पळाला, आणि कांहीं दिवसांतच तूपरानजवळ मारला गेला. त्याचें प्रेत शहरांत टांगण्यांत आलें. मौलवी अल्लाउद्दीन मात्र २८ जून १८५९ रोजीं अंदमानास रवाना झाला. तेथें तो दोन तपांहून अधिक काळ जगला आणि तेथेंच वारला. या दोघांतील कोणाची शिक्षा कडक? तुर्रेबाजाच्या घरच्यांनीं एकदां रडून घेतलें असेल. मौलवीच्या घरचीं माणसें जिवंताचें सुतक किती वर्षें पाळीत बसलीं असतील? हद्दपारीची खरी धार येथें आहे. ती शिक्षा ज्याला होते त्याच्याइतकीच मागें राहणाऱ्यांना होते, आणि तिची मुदत कोणत्याही निकालपत्रांत लिहिलेली नसते.

मौलवी ज्या बेटावर उतरला तेथें तेव्हां सेल्युलर तुरुंग नव्हता, हें आवर्जून सांगावें लागतें, कारण अलीकडील पुष्कळ लेखांत त्याला त्याच तुरुंगांत नेऊन बसविलेलें आढळतें. १० मार्च १८५८ रोजीं डॉक्टर वॉकर २०० बंडवाले कैदी घेऊन 'सेमिरामिस' जहाजानें पोर्ट ब्लेअरला आला तेव्हां भिंतच नव्हती. समुद्र हीच भिंत, आणि जंगल हाच पहारेकरी. कैद्यांनीं झाडें तोडावयाचीं, दलदल भरावयाची व स्वतःच्या झोंपड्या उभारावयाच्या. पहिल्या तीन महिन्यांत ७७३ कैदी आले. त्यांतील पांचशेंहूनही कमी उरले. कांहीं तापानें गेले, शेंकडा अठरांच्या सुमारें जंगलांत पळाले ते परत दिसले नाहींत. जे पकडून आणले त्यांपैकीं ऐंशींहून अधिकांना वॉकरनें फांशीं दिलें, तेव्हां कलकत्त्याच्या सरकारालाच हें थांबवावें लागलें. हिंदुस्थानाला जमिनीनें पोंचतां येईल अशी वेडी आशा धरून हे लोक पळत. ब्रह्मदेश जवळ आहे, तेथील राजा आपल्याला चाकरीस ठेवील, अशाही वावड्या त्यांच्यांत उठत. देशावरचा शेतकरी-शिपाई, बेट म्हणजे काय याची त्याला कल्पनाच नसे.

हळूहळू या पडावाचें गांव झालें. नियम असा बसला कीं आरंभीं बेडी व टोळीकाम, मग चांगल्या वर्तणुकीवर सवलती, आणि पुढें परवाना मिळून जमीन, बैल आणि स्वतंत्र झोंपडी. स्त्रीकैद्यांशीं लग्न करण्याचीही परवानगी असे. त्यांची जी संतति झाली ती तेथें 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखली जाऊं लागली. पठाण, बंगाली, तेलंगी, मराठा, ब्राह्मण, महार यांचा हा संसार हिंदुस्थानी बोलींत चालला. समुद्र ओलांडल्यानें जात जाते, ही समजूत सरकारला चांगली ठाऊक होती. तिच्यामुळेंच काळ्या पाण्याची दहशत दुप्पट होई, आणि ही दुप्पट सरकारला फुकट मिळे. सुटून आलेल्याला पंक्तीला घेण्याचें धैर्य आमच्या गांवांत नव्हतें. या बाबतींत इंग्रजाला दोष देतांना आपल्या ओसरीकडेही पाहावें. सुधारकांनीं व्याख्यानें देऊन जें साधलें नाहीं तें त्या बेटावर खुनी आणि दरोडेखोर यांच्या मुलांनीं आपल्या लग्नांतून साधलें, हें थोडें लाजिरवाणें असलें तरी खरें आहे. अर्थात् तो पडाव सुखाचा होता असें कोणीं समजूं नये. ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं लॉर्ड मेयो पाहणीस आला असतां शेर अली या पठाण कैद्यानें त्याचा खून केला, त्यानंतर सवलती आखडल्या.

मराठी राजबंद्यांपैकीं वासुदेव बळवंत फडके याला मात्र अंदमान मिळालें नाहीं. १८७९ च्या जुलैंत निजामाच्या हद्दीला लागून देवरनावडगी येथें तो पकडला गेला, आणि शिक्षा होऊन १८८० च्या आरंभीं एडनला गेला. तेथून त्यानें १८८३ च्या फेब्रुवारींत कोठडीचें दारच उखडून पळ काढला. थोड्याच वेळांत धरला गेला, व १७ फेब्रुवारीस वारला.

औरंगाबादचा संबंध पुन्हां येतो तो १९०९ सालीं. १९०० सालीं गोदावरीच्या खोऱ्यांतील रेल्वे झाल्यापासून मनमाडमार्गें नाशिक औरंगाबादेला जवळ आलें होतें. कोंकणांतला अनंत लक्ष्मण कान्हेरे हा मुलगा इंग्रजी शिकण्याकरितां औरंगाबादेस राहत होता. नाशिकच्या गुप्त मंडळीचा संबंध त्याला येथेंच जडला. बाबाराव सावरकरांना त्या वर्षींच्या जूनमध्यें, प्रामुख्यानें कांहीं कविता छापल्याबद्दल, जन्मठेप झाली होती. त्या शिक्षेचा सूड म्हणून २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत 'शारदा' नाटकाच्या वेळीं कान्हेऱ्यानें कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सन हा संस्कृत जाणणारा, लोकांत मिसळणारा अंमलदार होता. त्याच्या मृत्यूबद्दल नाशकांतही हळहळ झाली, हें लिहिणें कर्तव्य आहे. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना फांशी झाली. इतरांना जन्मठेप मिळाली. त्यांतील वामन ऊर्फ दाजी जोशी अंदमानास गेला. ज्या बाबारावांच्या हद्दपारीवरून हें सर्व घडलें ते तेथेंच होते, आणि १९११ च्या जुलैंत त्यांचे धाकटे बंधु विनायकरावही 'महाराजा' बोटीनें तेथें पोंचले. दोघे भाऊ एकाच इमारतींत असून एकमेकांस दिसत नसत. सात पाखांची व सुमारें सातशें कोठड्यांची ती रचनाच तशी होती. एका पाखेची पाठ दुसरीच्या तोंडाकडे.

१९१९–२० च्या तुरुंग कमिटीनें अंदमानची वसाहत बंद करण्याची शिफारस केली. १९२१ सालीं सावरकर बंधु परत आणले गेले. पण १९३२ पासून पुन्हां राजबंदी तेथें धाडले, आणि १९३७ च्या उपोषणानंतर पुढील वर्षाच्या आरंभापर्यंत ते सर्व परत आले. १९४२ ते १९४५ बेटांवर जपानी होते. युद्धानंतर कैदीवसाहत उठली. तुरुंगाच्या सात पाखांपैकीं तीन उरल्या, आणि १९७९ सालीं त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. कायद्याच्या पुस्तकांत मात्र समुद्रापार हद्दपारीचे शब्द स्वराज्य आल्यावरही आठ वर्षें तसेच होते. ते १९५५ च्या दुरुस्तीनें काढले गेले, आणि १ जानेवारी १९५६ पासून त्यांच्या जागीं जन्मभर कारावास ही शिक्षा आली.