वडिलांचं पदक : मरणोत्तर मिळालेलं आणि मरणोत्तर मागितलेलं

गिरणगावाबद्दल बोलताना आपण गिरण्या, संप, चाळी, गणपती, कलापथकं यांच्याबद्दल भरपूर बोलतो. एक माणूस मात्र या गोष्टींत कुठेच दिसत नाही. तो म्हणजे लढाईवर जाऊन आलेला गिरणी कामगार. लालबाग, परळ, काळाचौकीच्या चाळींत सातारा, रत्नागिरी, कुलाबा जिल्ह्यांतली माणसं राहायची. आणि फौजेची भरतीही याच जिल्ह्यांतून व्हायची. घरातला एक भाऊ गिरणीत, एक पलटणीत, एक शेतावर, असा हिशेब असायचा. पलटणीतला भाऊ सुटून आला की तोही बऱ्याचदा गिरणीच्या गेटवर उभा राहायचा.

आजचा विषय या माणसाच्या पदकाचा आहे. तो जिवंत असताना त्याने ते घेतलं नाही, किंवा त्याच्यापर्यंत ते पोचलंच नाही. आता तो नाही. त्याच्या मुलाने ते मागावं का? मागितलं तर काय म्हणून मागावं?

पहिल्यांदा एक शब्द साफ करून घेऊ. 'मरणोत्तर पदक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीरपत्नी, वीरमाता आणि सव्वीस जानेवारी येते. ते शौर्यपदक. पराक्रम करताना माणूस गेला, आणि सरकारने त्याचा गौरव केला. दुसरा प्रकार अगदी वेगळा आहे. माणूस लढाईत होता, ठरलेले दिवस त्या रणक्षेत्रात काढले, म्हणून मिळतं ते मोहिमेचं पदक. ते गौरवाचं नसून हक्काचं असतं. एका पलटणीतल्या शंभरजणांनी अटी पुऱ्या केल्या तर शंभरजणांना ते मिळतं. हे पदक माणूस गेल्यावर मागितलं, तर त्याला मरणोत्तर गौरव म्हणता येत नाही. ते राहिलेलं देणं असतं. अर्ज करणारे बरेच लोक इथेच गोंधळतात आणि चुकीच्या दारावर जाऊन उभे राहतात.

मेलेल्या शिपायाला पदक द्यायचं की नाही, हा प्रश्न जुना आहे. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला लढाई झाली. तिथल्या जयस्तंभावर पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत 'नाक' शेवट असलेली महार शिपायांची नावं आपण सगळे ओळखतो. पण पदकाचं काय झालं? ईस्ट इंडिया कंपनीने 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर केलं ते 1851 साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी. 1803 ते 1826 या काळातल्या लढायांसाठी ते होतं आणि कोरेगावची वेगळी पट्टीही त्यावर होती. अट एकच, अर्ज करणारा जिवंत पाहिजे. लढाईत पडलेल्याला नाही, आणि मधल्या तेहतीस वर्षांत म्हातारा होऊन गेलेल्यालाही नाही. त्याच्या मुलाने मागण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे ज्याने जीव दिला त्याचं नाव दगडावर, आणि जो वाचला, आणि पुढेही बराच जगला, त्याच्या छातीवर चांदी.

व्हिक्टोरिया क्रॉसचीही सुरुवात अशीच. 1856 ला हा सन्मान सुरू झाला, पण मेलेल्या माणसाला तो द्यायची पद्धत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बोअर युद्धानंतर, हे धोरण बदललं. 1907 मध्ये जुन्या लढायांतल्या काही मृतांची पदकं त्यांच्या नातेवाइकांकडे पाठवली गेली. त्यांत 1879 च्या झुलू युद्धात गेलेले दोन अधिकारीही होते. भारतीय शिपाई तर 1911 पर्यंत या पदकाला पात्रच नव्हते.

या बदललेल्या नियमामुळेच आपल्याला यशवंत घाडगे हे नाव ठाऊक आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या माणगाव भागातला हा बावीस वर्षांचा नाईक. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. 10 जुलै 1944, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले, हातबॉम्ब टाकून मशिनगन बंद पाडली, एकाला टॉमी गनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेही पडले. त्यांची ओळखीची कबर नाही. नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे. गोव्याच्या रस्त्याने कोकणात जाणाऱ्या मुंबईकरांनी तिथे एकदा थांबावं.

इटलीतल्या लढाईत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांतले सहा भारतीय फौजेतल्या जवानांना, आणि त्या सहांपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीला : घाडगे, आणि 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर लढलेले नामदेव जाधव. जाधव वाचले आणि पुढे कित्येक वर्षं जगले.

पण त्याच पलटणीत, त्याच नद्यांच्या काठी अजून शेकडो माणसं होती. त्यांतले एक माझे वडील.

ते 1942 ला भरती झाले आणि 1946 ला सुटून आले. पुढच्याच वर्षी लालबागमधल्या एका गिरणीत साचेखात्यात लागले आणि 1982 च्या संपापर्यंत तिथेच होते. इटलीबद्दल फार कमी बोलायचे. चिखल, थंडी आणि खेचरं, एवढंच. मेडलचा विषय आईने काढला तर म्हणायचे, "जे आणायचं होतं ते आणलं." म्हणजे स्वतःला. महायुद्धाच्या पदकांचे नियम पक्के होता होता फौजा घरी पाठवायला सुरुवातही झाली होती. शिपाई गावाला, गाव सोडून मुंबईला, मुंबईत एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात. कागद त्याच्या मागे किती फिरणार?

ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा, पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट सापडलं. मी एका कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, या नावाचा माणूस आढळत नाही. खरंच आढळला नसणार. आमचं आडनाव फौजेच्या कागदावर नव्हतंच. भरतीच्या वेळी विचारलं असेल, "नाव काय? बापाचं नाव काय? गाव?" आणि समोरच्याने ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. आडनाव पुढे मिलच्या मस्टरवर आलं. दुसऱ्या पत्रात मी नाव खाली ठेवलं आणि त्यांचा फौजी नंबर सगळ्यात वर लिहिला. तेव्हा माणूस सापडला.

उत्तरात तीन ओळी होत्या. 1939–45 स्टार. इटली स्टार. वॉर मेडल. एवढ्यांना ते पात्र होते. धातू अजून हातात आलेला नाही, पण कागद आला. आम्ही तीन भावंडं. ज्या दिवशी कागद आला त्याच दिवशी प्रश्न आला : मेडल आलं तर कोणाकडे? वारसांपैकी एकाच्या नावाने अर्ज, बाकीच्यांची ना-हरकत, ही रीत माहीत होती. पण ना-हरकत सही करताना माणूस वडिलांवरचा आपला हिस्साच सोडतोय असं त्याला वाटतं. धाकटी बहीण म्हणाली, "शेवटची चार वर्षं माझ्याकडे होते." ती खोटं बोलत नव्हती. सध्या त्या कागदाच्या तीन झेरॉक्स तीन घरांत आहेत आणि मूळ कागद तिच्याकडे आहे.

बऱ्याच श्रोत्यांच्या घरात काय असू शकतं, तेही सांगतो. पहिल्या महायुद्धाची पदकं असतील तर त्यांची कड नीट बघा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक चांदीचं नसून काशाचं निघालं तर ते नकली समजू नका. स्वयंपाकी, भिस्ती, खेचरवाले, हमाल अशा फौजेबरोबर गेलेल्या माणसांना ब्रिटिश वॉर मेडल काशात दिलं जायचं. लढाई तीच, गोळीही तीच, धातू मात्र वेगळा. घरातलं कोणी बोटीवर खलाशी असेल तर 'ते मिलिटरीत नव्हते' म्हणून विषय सोडू नका. व्यापारी जहाजांवरचे लोकही दोन्ही महायुद्धांत पदकांना पात्र होते. मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही. आणि पदकावर अशोकचक्र असून त्याच्या डोक्यावर इंग्लंडच्या राजाचा मुकुट दिसला, तर ते 1947 चं स्वातंत्र्य पदक. 15 ऑगस्टला सेवेत असलेल्या जवानांचं. देश स्वतंत्र, पण राजा अजून सहावा जॉर्ज, अशा त्या मधल्या काळाचा इतका नेमका पुरावा दुसरा नसेल.

स्वतंत्र भारताने 26 जानेवारी 1950 ला आपली शौर्यपदकं सुरू केली आणि ती 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरली. परमवीर चक्राचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्माने युरोपातल्या, लग्नाने मराठी. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. आतापर्यंतच्या एकवीसपैकी चौदा मरणोत्तर आहेत. त्यांत मेजर रामस्वामी परमेश्वरन आपल्या मुंबईचे, शीव-माटुंग्याच्या एसआयईएसमध्ये शिकलेले, महार रेजिमेंटचे, 1987 मध्ये श्रीलंकेत पडलेले. 1851 च्या नियमाने या चौदाजणांना काहीच मिळालं नसतं.

मात्र या पदकांची शिफारस पलटणीतून, साक्षीदारांच्या जबानीवर, त्या त्या वेळी वर जाते. मुलाने पन्नास वर्षांनी 'माझे वडील शूर होते' असं लिहिलं, तर ते खरं असूनही त्यावर शौर्यपदक मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून म्हणतो, अर्जात 'गौरव व्हावा' असं लिहू नका. 'अमुक नंबरच्या शिपायाची देय पदकं राहिली आहेत' असं लिहा.

आता कोणी म्हणेल, इंग्रजांच्या लढाईचं मेडल हवंय कशाला? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं एक उत्तर परळमध्येच आहे. सुभेदार रामजी सकपाळ, बाबासाहेबांचे वडील, फौजेतून निवृत्त झाल्यावर मुंबईत आले. डबक चाळ, मग परळची बीआयटी चाळ. 1890 च्या दशकात सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली होती. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. रामजींनीही न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने अर्ज करवला, असं धनंजय कीर लिहितात. आमच्या वाडवडिलांनी तुमच्या पलटणीत सेवा केली, तिची नोंद तुमच्याच दप्तरात आहे, आता तुम्हीच आम्हाला नालायक कसं ठरवता, असा तो सवाल होता. 1927 च्या 1 जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, त्यामागेही हीच नोंद होती. आणि 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

सरकार कोणाचं होतं, हा एक भाग. आपल्या माणसाने काय केलं याची नोंद कोणाच्या हातात राहते, हा दुसरा. नोंद मागणं म्हणजे राजाला मुजरा करणं नव्हे. वलंगकर आणि रामजी हे आपल्याआधी करून गेले, आणि त्यांच्या मागणीत तर पदकसुद्धा नव्हतं.

तेव्हा या आठवड्यात एकच काम करा. घरातला जुना फौजी कागद शोधा आणि त्यावरचा नंबर एका वहीत लिहून ठेवा. हुद्दा, पलटण, भरतीची आणि सुटल्याची तारीख, भरतीच्या वेळचं गाव. सोबत नाव फौजेने लिहिलं तसंच, चुकीच्या स्पेलिंगसकट. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. सुरुवात कुठून करायची ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. पदक येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण चाळी पाडल्या जातायत, ट्रंका भंगारात जातायत, आणि तो नंबर एकदा गेला की माणूस कोणालाच सापडत नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.