पंचवीस रुपयांचा शेअर, आठ आण्यांचं तिकीट

१९०६च्या ऑक्टोबरात तुतिकोरिनमध्ये एक कंपनी नोंदली गेली. नाव स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. भांडवल १० लाख रुपये, २५ रुपयांना एक असे ४० हजार शेअर. धंदा एकच: तुतिकोरिन ते कोलंबो आगबोट चालवायची. अडचण एवढीच होती की कंपनीकडे आगबोट नव्हती.

तरी शेअर खपले. हाजी मोहम्मद बाकीर सेठ या एकट्या व्यापाऱ्याने ८ हजार शेअर घेतले, म्हणजे दोन लाख रुपये, भांडवलाचा पाचवा हिस्सा. बाकीचे पैसे लहान-मोठ्या लोकांकडून गोळा करायचे होते. हे सगळं जमवणारा माणूस जहाजधंद्यातला नव्हता. व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले हे वकील. वंगभंगानंतर स्वदेशीचं वारं सुटलं होतं आणि ते टिळकांना गुरू मानत. परदेशी कापडाची होळी तर गावोगाव होत होती. परदेशी आगबोटीला पर्याय उभा करण्याचं मनावर घेणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता २५ रुपये हातात धरून विचार करणाऱ्या एखाद्या भागधारकाच्या जागी बसून पाहावं. धंदा खोटा नव्हता. सिलोनच्या चहामळ्यांना मजूर तमिळ मुलखातून जात, तांदूळ इथूनच जाई, आणि रेल्वे थेट तुतिकोरिनपर्यंत आलेली होती. बंदर उथळ असल्याने आगबोट लांब समुद्रात नांगर टाकून उभी राही आणि उतारू, माल सगळं लहान होड्यांतून तिच्यापर्यंत न्यावं लागे. कोकणातल्या जुन्या बंदरांवर पडावात उभं राहून बोटीची वाट पाहिलेल्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. गिऱ्हाईक होतं, माल होता, मार्ग जवळचा होता.

पण गिऱ्हाईक आधीच कुणाच्या तरी बोटीत बसत होतं. ही बोट ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची. विल्यम मॅकिनन या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८५६ साली कलकत्ता-ब्रह्मदेश मार्गावर लहान प्रमाणात सुरू केलेला हा धंदा सरकारी टपालाच्या कंत्राटांवर पोसला जात पूर्वेच्या समुद्रांवर पसरला होता. एखाद्या मार्गावर तिला चार महिने तोटा झाला तरी इतर मार्गांवरून भरून निघे. तुतिकोरिनच्या कंपनीचा मार्ग एकच, आणि खिसाही एकच.

ही लढाई कशी होते हे पाहायला फार मागे जायची गरज नव्हती. जमशेटजी टाटांनी १८९३ साली जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या जहाजकंपनीशी हात मिळवून मुंबईचं सूत पूर्वेकडे न्यायला टाटा लाइन काढली. पी. अँड ओ. ही ब्रिटिश जहाजकंपनी टनाला १९ रुपये भाडं घेत होती, टाटांनी १२ सांगितले. पी. अँड ओ.ने ते उतरवत दीड रुपयावर आणलं. ज्या गिरणीवाल्यांच्या सोयीसाठी हा खटाटोप चालला होता, तेच स्वस्त भाड्याच्या मागे गेले. टाटा लाइन बंद पडली आणि भाडी पुन्हा चढली. खुद्द टाटांना जे झेपलं नाही ते तुतिकोरिनच्या वकिलाला कसं झेपावं, असा प्रश्न एखाद्या सावध माणसाला पडला असेल, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

कंपनीने सुरुवातीला मुंबईच्या एका जहाजमालकाकडून बोटी भाड्याने घेतल्या. ब्रिटिश कंपनीचा दाब आला आणि त्याने त्या काढून घेतल्या. दुसऱ्याच्या बोटीवर धंदा उभा करण्यातली मेख तिथेच कळली. चिदंबरम स्वतः मुंबईला धावले. आणीन तर जहाज, नाहीतर समुद्रात जीव देईन, असं बोलून निघाले होते म्हणतात. शेवटी १९०७ साली ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ अशा दोन बोटी कंपनीच्या मालकीच्या झाल्या. एकेका बोटीत पहिल्या वर्गाचे ४२, दुसऱ्या वर्गाचे २४ आणि डेकवरचे १३०० उतारू मावत. शिवाय चार हजार पोती माल. ‘गॅलिया’ बंदरात आली तेव्हा तुतिकोरिनमध्ये उत्सवच झाला.

मग भाडं उतरू लागलं.

ब्रिटिश कंपनीने डेकचं तिकीट एका रुपयावर आणलं. स्वदेशीने आठ आणे केले. त्यावर समोरून फुकट प्रवास जाहीर झाला आणि वर उतारूला छत्री भेट! छत्रीची ही कहाणी तमिळ मुलखात अजून चवीने सांगितली जाते. हसू येतं खरं, पण कागद-पेन्सिल घेतली की हसू मावळतं. डेक खच्चून भरला तरी रुपयाच्या तिकिटाने एका खेपेचे १३०० रुपये यायचे. आठ आण्यांनी ६५०. कोळसा मात्र तितकाच जळायचा, खलाशांचे पगार तेवढेच, बंदराचं देणं तेवढंच, आणि दोनच बोटी असल्याने एक दुरुस्तीला गेली की निम्मा धंदा ठप्प. डेक अर्धाच भरला तर आठ आण्यांच्या हिशेबात हाती ३२५ रुपये. माहितीपत्रकात हे गणित मांडून कोण दाखवणार?

नवल असं की लोक तरीही स्वदेशी बोटीत बसत राहिले. फुकटची बोट सोडून पैसे मोजून दुसऱ्या बोटीत चढणारा मजूर ही छोटी गोष्ट नव्हे. पण शेअर देशप्रेमापोटी एकदाच घ्यावा लागतो, तिकीट दर खेपेला काढावं लागतं, आणि कंपनीचं पोट तिकिटांवर चालणार होतं. चिदंबरम यांचं सगळं वक्तृत्व त्या उत्साहाला दर आठवड्याला पुन्हा हवा देण्यात खर्च होत होतं.

नेमकी इथे या कंपनीची सगळ्यात मोठी जोखीम होती, आणि ती हिशेबाच्या कुठल्याच वहीत दिसत नव्हती. कंपनी एका माणसावर उभी होती, आणि तो माणूस सरकारच्या डोळ्यांत खुपत होता. १९०८च्या फेब्रुवारीत तुतिकोरिनच्या कोरल मिलमधल्या कामगारांनी संप केला. चिदंबरम आणि त्यांचे सहकारी सुब्रमण्य शिव त्यांच्या पुढे उभे राहिले आणि मजुरांच्या मागण्या पदरात पडल्या. मार्चमध्ये दोघांना अटक झाली. तिरुनेलवेलीत दंगल उसळली, गोळीबारात माणसं मेली. ७ जुलैला न्यायाधीश पिन्हे यांनी चिदंबरम यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. मद्रास हायकोर्टाने पुढे ती सहा वर्षांवर आणली. पंधरवडाही उलटतो न उलटतो तोच, २२ जुलैला, मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांची रवानगी मंडालेला झाली. गुरू-शिष्यांना एकाच महिन्यात शिक्षा झाल्या.

संचालक मंडळ होतं, बोटी होत्या, मार्ग होता. पण भाडेयुद्धात तोटा सोसत गिऱ्हाईक धरून ठेवायची धमक ज्याच्या जिभेत होती, तो तुरुंगात तेलाचा घाणा ओढत होता. १९११ साली कंपनी गुंडाळली गेली. बोटी विकल्या गेल्या, आणि ज्यांच्याशी झुंज होती त्यांच्याच हाती स्वदेशीची बोट पडली. २५ रुपयांच्या कागदाला रद्दीचा भाव राहिला.

याच वाटेने आठ वर्षांनी गेलेली दुसरी कंपनी मात्र टिकली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांबरोबर १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली. भांडवल साडेचार कोटी ठरवलेलं. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाची युद्धातली इस्पितळ-बोट ‘लॉयल्टी’ विकत घेऊन ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून विलायतेला रवाना केली. ५ एप्रिलला आज राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो यामुळे. बोटीचं नशीब मात्र दिनाइतकं थोर नव्हतं. दुरुस्त्या करता करता खर्च वाढला आणि १९२३ साली ती भंगारात गेली.

सिंदियाही भाडेयुद्धात भाजून निघालीच. शिवाय बड्या कंपन्यांकडे ‘ठेवलेली सूट’ हे आणखी एक हत्यार होतं. व्यापाऱ्याने सहा महिने सगळा माल त्यांच्याच बोटीने पाठवला, तर भाड्यातले साधारण शेकडा १० रुपये त्याला परत मिळत. पण ते हातात पडायचे पुढचे सहा महिनेही इमान राखल्यावर. मध्येच एक पोतं देशी बोटीत चढवलं की साठलेली सगळी रक्कम बुडाली. व्यापाऱ्याचं मन स्वदेशीकडे असलं तरी पैसे समोरच्याच्या पेटीत अडकलेले. साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२०च्या दशकात मध्यवर्ती कायदेमंडळात या पद्धतीविरुद्ध आणि किनारी वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवण्याबद्दल विधेयकं आणली, ती काही पार पडली नाहीत. १९२३ साली सिंदियाने ब्रिटिश कंपनीशी दहा वर्षांचा करार केला आणि आपला ताफा ७५ हजार टनांपुरता ठेवायचं कबूल केलं. अनेकांना ती शरणागती वाटली. पण कंपनी जिवंत राहिली. चिदंबरम यांनी असल्या करारावर सही केली असती का? त्यांची सगळी पुण्याई भाषणांवर उभी होती. तडजोड केली असती तर पुढच्या खेपेला बोटीत कोण चढलं असतं?

कोकणच्या किनाऱ्यावरही देशी माणसांनी काढलेली एक बोट कंपनी होती, तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिकिटाच्या खिडकीवर उभा राहणारा माणूस असं म्हणतो तेव्हा कंपनीला सुख वाटत असणार. मात्र जमाखर्चात ‘माझी’ या शब्दाला रकाना नसतो.

२४ डिसेंबर १९१२ रोजी चिदंबरम तुरुंगातून सुटले. वकिलीची सनद गेली होती, मिळकत संपली होती, कंपनी तर वर्षापूर्वीच संपलेली. ते मद्रासला आले आणि काही काळ त्यांनी किराणा दुकान चालवून पाहिलं. पुढे एका इंग्रज न्यायाधीशाच्या खटपटीने सनद परत मिळाली. वॉलेस हे त्यांचं नाव. त्या उपकाराची आठवण म्हणून चिदंबरम यांनी आपल्या मुलाचं नाव वालेश्वरन ठेवलं.