बहिणाबाईंची वही

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर जळगावजवळचे आसोदे. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचत. मुलगा कवी सोपानदेव आणि त्यांचे एक मावसभाऊ यांनी त्या ऐकून वहीत उतरवल्या. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. टिपले तेवढेच टिकले, बाकीचे त्यांच्याबरोबर गेले. लेखी इतिहास जपणारे खानदेशात आहेत: धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रे जपली, हे मोठेच काम. पण जुन्या दप्तरांत बायका दिसतात त्या बहुधा वतन-वारशापुरत्या. म्हणून खानदेशातल्या आज्यांच्या ओव्या बोलीला हात न लावता, गाणारीच्या नावागावासह लिहून ठेवाव्यात.