डेम्लो संख्येची कुळकथा

१११११११११ ला त्याच संख्येने गुणलं की १२३४५६७८९८७६५४३२१ येतात. ही सतरा अंकी संख्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथातल्या स्थानांनी वाचली तर डावीकडचा १ ‘मध्य’ स्थानी बसतो. पुढचं स्थान परार्ध, आणि तिथे भास्कराचार्यांची यादी संपते. सिन्नरकरांनी ही यादी घरचीच समजावी. यादवांची सुरुवातीची राजधानी सिन्नर, आणि पुढे यादव राजा सिंघण याच्या काळात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी खानदेशातल्या पाटणला मठ उभा केला.

या संख्येचं कुळ मात्र विसाव्या शतकात ठरलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९३० ते १९६२ या काळात देवळालीला शाळामास्तर होते. सिन्नरहून नाशिकरोडला निघालं की देवळाली पश्चिमेला राहते. जीआयपी रेल्वेवर डेम्लो नावाचं स्थानक होतं, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे कापरेकरांना अशा संख्या सुचल्या, म्हणून या संख्यांना तेच नाव दिलं. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर आणि कापरेकर यांचा या विषयावरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला.

कुळाची खूण सोपी आहे. संख्येचे तीन भाग पाडायचे. मधल्या भागात एकच अंक हवा, एकदा किंवा अनेकदा, आणि कडेच्या दोन भागांच्या बेरजेतही तोच अंक यायला हवा. २५५३ घ्या : २ आणि ३ मिळून ५. आपल्या मोठ्या संख्येत मध्ये ९ आहे आणि १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. मला हे फार सुंदर वाटतं.

अंक असे चढत-उतरत का जातात, हे शाळेतल्या उभ्या मांडणीतच दिसतं. एकेक घर सरकवत नऊ ओळी लिहिल्या की कडेच्या स्तंभात एक १ पडतो, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ. हातचा येतच नाही. दहा वेळा १ घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि रांग मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

नऊ वेळा १ घेऊन आलेली आपली पहिली संख्या कापरेकरांच्या दुसऱ्या कुळातही बसते. अंकांच्या बेरजेने ज्यांना पूर्ण भाग जातो त्या संख्यांना ते हर्षद म्हणत. पाश्चात्त्य पुस्तकांत त्यांना निव्हन संख्याही म्हणतात. इथे अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो, कारण १११११११११ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. वर्ग केला की ८१ आपोआप आत येतात. विभाजक ४५, म्हणजे विषम. पूर्ण वर्गाचे ते विषमच असतात.

असे गुण दहाच्या पायावर लिहिण्यातून येतात, संख्येच्या अंगचे नसतात, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. आठच्या पायावर लिहून पाहा : सात वेळा १ लिहून वर्ग केला की १२३४५६७६५४३२१ असंच उत्तर येतं. पाया कोणताही घेतला तरी त्याच्याहून एक कमी इतके १ घ्यावेत, रांग त्या पद्धतीतल्या सर्वांत मोठ्या अंकापर्यंत चढते आणि तशीच उतरते.